बीडच्या उन्हात गुलाबी पान

बीड, अंबाजोगाई किंवा परळीच्या नर्सरीत गुलाबी पानांचं एखादं टवटवीत झाड दिसलं, तर ते इथंच वाढलेलं असण्याची शक्यता कमी. अशी बरीच झाडं आंध्र प्रदेशातल्या राजमहेंद्रवरमजवळच्या कडियमहून ट्रकनं येतात. कडियमचा सगळा परिसर रोपवाटिकांचा आहे आणि तो वसला आहे गोदावरीच्या मुखाकडच्या सुपीक प्रदेशात. आपल्या गेवराई-माजलगावच्या उत्तरेनं वाहत जाते तीच ही गोदावरी. नदी एकच असली तरी हवा अगदी निराळी. तिथं समुद्र जवळ, त्यामुळे हवेत बारमाही ओलावा. इथं एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 अंशांवर जातो आणि दुपारच्या वाऱ्यात ओल नावालाही उरत नाही. तिकडच्या शेडनेटखाली वाढलेलं कोवळं रोप अशा हवेत आलं की पंधरा दिवसांत त्याची पानं कडेनं करपतात, आणि घरातली माणसं म्हणतात, आपल्याकडे ही झाडं येतच नाहीत.

येतात. मात्र निवड विचारानं करावी लागते. गुलाबी झाड घेताना आपण फक्त रंग पाहतो. तो रंग पानात कुठून आला आणि त्यासाठी झाडाला काय सोसावं लागतं, हे कुणी विचारत नाही. तेवढं कळलं की कुठलं झाड आपल्या घरात तगेल, ते कुठं ठेवायचं आणि त्याला कसलं पाणी द्यायचं, याची बरीचशी उत्तरं आपोआप मिळतात.

पानाचा हिरवा रंग हरितद्रव्याचा. ऊन पकडून झाडासाठी अन्न तयार करण्याचं काम तेच करतं. गुलाबी, लाल, जांभळा रंग बहुतेक झाडांत अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा असतो. ते पेशीतल्या रसात विरघळलेलं असतं आणि अन्न तयार करण्यात त्याचा वाटा नसतो. चैत्रात आंब्याला फुटणारी तांबूस पालवी आठवा, पिंपळाचीही तशीच. कोवळ्या पानात हरितद्रव्य पुरतं भरलेलं नसतं, तेव्हा उन्हाच्या माऱ्यापासून पान वाचवण्याचं काम हे रंगद्रव्य करतं असं मानलं जातं. पान निबर झालं की लाली ओसरते. शोभेच्या झाडांत मात्र ही लाली कायम टिकवणाऱ्या जाती माणसानं निवडून आणि संकर करून घडवल्या आहेत. नर्सरीत सगळ्यात जास्त दिसणारा गुलाबी अ‍ॅग्लोनेमा असाच घडला. जंगलातल्या बहुतेक अ‍ॅग्लोनेमांची पानं हिरवी, फार तर त्यांवर रुपेरी पट्टे. सुमात्रातल्या एका जातीच्या पानांत मात्र लाल शिरा होत्या. इंडोनेशियातले वनस्पतितज्ज्ञ ग्रेगरी हंबाली यांनी त्या जातीचा संकर करून 1980 च्या दशकात ‘प्राइड ऑफ सुमात्रा’ ही लाल जात तयार केली. आजचे गुलाबी-लाल अ‍ॅग्लोनेमा याच वाटेनं पुढं आलेले आहेत.

आता पान हातात धरून उजेडाकडे करून पाहा. काही झाडांत गुलाबी-जांभळा रंग हिरव्याच्या वर चढलेला असतो. कॉर्डिलाईन, जांभळ्या पानांचा कोलियस, झेब्रिना नावानं मिळणारी पट्टेवाली वेल ही या प्रकारातली. यांच्या पानांत हरितद्रव्य भरपूर असतं, ते रंगाखाली झाकलेलं असतं इतकंच. अशी झाडं जोमानं वाढतात आणि चुकाही सोसतात. दुसऱ्या प्रकारात पानाच्या काही भागात हरितद्रव्य जवळपास नसतंच आणि म्हणून तिथला गुलाबी रंग स्वच्छ, फिकट, देखणा दिसतो. गुलाबी कॅलेडियम, तीन रंगांची स्ट्रोमॅन्थी, ‘नॅनूक’ नावाची ट्रॅडेस्कॅन्शिया, ‘पिंक प्रिन्सेस’ फिलोडेंड्रॉन ही या प्रकारची. पानाचा जितका भाग गुलाबी, तितका भाग अन्न तयार करत नाही. उरलेल्या हिरव्या भागाला साऱ्या झाडाचं पोट भरावं लागतं. म्हणून ही झाडं हळू वाढतात, त्यांना प्रकाश जास्त लागतो, आणि तोच प्रकाश थेट उन्हाचा झाला तर गुलाबी भाग सर्वांत आधी जळतो. नर्सरीत सगळीच्या सगळी पानं गुलाबी असलेलं रोप समोर आलं तर ते घेऊ नये. निम्मी हिरवी, निम्मी गुलाबी पानं असलेलं रोप दिसायला थोडं कमी वाटेल, पण जगेल ते.

पिंक प्रिन्सेससारख्या झाडांत आणखी एक गोष्ट घडते. त्यांच्या शेंड्यात दोन प्रकारच्या पेशी शेजारी शेजारी वाढत असतात, हरितद्रव्य बनवू शकणाऱ्या आणि न बनवू शकणाऱ्या. नव्या पानाच्या वाट्याला कुठल्या पेशी किती येतात यावर त्या पानाची नक्षी ठरते, त्यामुळे एक पान दुसऱ्यासारखं नसतं. कधी एखादी फांदी पुरती हिरवी निघते. हिरवी फांदी जोमदार असल्यानं ती बाकीच्यांना मागं टाकते आणि सहा महिन्यांत सगळं झाड हिरवं होतं. उपाय सोपा आहे. शेवटचं गुलाबी पान जिथं आहे, त्याच्या लगेच वरून शेंडा खुडावा, म्हणजे खालच्या डोळ्यातून पुन्हा रंगीत फूट येण्याची शक्यता राहते. नॅनूकच्या हिरव्या फांद्याही अशाच दिसताक्षणी काढाव्यात.

प्रकाशाची पारख करायला यंत्र लागत नाही. भर दुपारी झाड ठेवायच्या जागी पांढरा कागद धरावा आणि त्यावर वीतभर उंचीवर हात धरावा. सावलीच्या कडा स्पष्ट, बोटं वेगळी दिसत असतील तर प्रकाश भरपूर आहे. सावली पुसट असेल तर मध्यम, आणि सावली पडतच नसेल तर तिथं गुलाबी झाड काही महिन्यांत फिकं पडणार हे नक्की. माळवदाच्या जुन्या घरांत आतल्या खोल्या गार असतात, पण उजेड झरोक्यातून येईल तेवढाच. अशा घरात झाडाची जागा ढाळजेत किंवा अंगणाकडच्या ओसरीत. पत्र्याच्या घराचं उलटं आहे. उजेड पुष्कळ, पण मे महिन्यात पत्र्याखालची हवा बाहेरच्यापेक्षाही तापते. तिथं कुंड्या जमिनीवर, भिंतीच्या पायथ्याशी ठेवाव्यात, उंच फळीवर टांगू नयेत.

खिडकीची दिशा वर्षभर सारखं वागत नाही, हेही ध्यानात घ्यावं. बीड 19 अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो, शून्य सावलीचे दिवस म्हणतात ते हेच. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारी तो आपल्या थोडा उत्तरेला असतो. दक्षिणेच्या खिडकीत तेव्हा ऊन शिरत नाही. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम 47-48 अंशांवर असतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट खोलीत येतं. म्हणजे जून महिन्यात जिथं अ‍ॅग्लोनेमा खुशीत होता, तिथंच डिसेंबरात त्याच्या पानांवर डाग पडू शकतात. पूर्वेची खिडकी बारा महिने चांगली, कारण सकाळचं ऊन कोवळं असतं. पश्चिमेची खिडकी मार्चपासून जूनपर्यंत टाळावी. तीच एक असेल तर 50 टक्के सावलीची शेडनेट बाहेरून बांधावी. भाजीपाल्याची रोपं करणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याकडे तिचा तुकडा मिळेल.

रंगाला प्रकाशाइतकीच गारव्याची मदत होते. दिवसा ऊन चांगलं, रात्र थंड, असं असलं की पानांत साखर साठते आणि रंगद्रव्य जास्त तयार होतं. आपल्याकडे ही वेळ कार्तिकापासून माघापर्यंतची. कोलियस, झेब्रिना, कॉर्डिलाईन या दिवसांत सर्वांत खुलतात. मेमध्ये त्यांचा रंग उतरतो तो उष्णतेनं. झाड आजारी पडलंय असं समजून खत ओतायला जाऊ नये. नत्र जास्त झालं तर पानं उलट हिरवी होतात. आपल्या घरांत युरियाची गोणी हाताशी असते, त्यामुळे चिमूटभर कुंडीत टाकायचा मोह होतो, तो आवरावा. पावसाळ्यात आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला वाढीच्या दिवसांत, लिटरभर पाण्यात एक ग्रॅम 19:19:19 विरघळवून तीन आठवड्यांतून एकदा दिलं की पुरतं. गांडूळखत असेल तर तेही लागत नाही.

थंडी सगळ्यांना मानवत नाही मात्र. अ‍ॅग्लोनेमा आणि कॅलेडियम मूळचे उष्ण, दमट प्रदेशातले. रात्रीचं तापमान 15 अंशांच्या खाली गेलं की अ‍ॅग्लोनेमा वाढ थांबवतो, आणि बालाघाटाच्या माथ्यावरच्या गावांत डिसेंबर-जानेवारीत पारा बराच खाली येतो. त्या दिवसांत कुंडी उघड्या व्हरांड्यातून आत घ्यावी आणि पाणी निम्म्यावर आणावं. कॅलेडियम तर आपलं खरिपाचं पीकच समजावं: पाऊस लागला की कंद फुटतो, गौरी-गणपतीच्या दिवसांत पानं भरात असतात, दिवाळीनंतर एकेक पान पिवळं पडून माती रिकामी होते. पुष्कळजण ही रिकामी कुंडी मेलेल्या झाडाची समजून उकिरड्यावर रिती करतात. आतला कंद जिवंत असतो. पाणी बंद करून कुंडी तशीच कोरडी, सावलीत ठेवावी आणि मृगाच्या सुमाराला पुन्हा ओल द्यावी.

आता पाणी. बीडमध्ये गुलाबी झाडं मरतात ती बहुधा पाण्यानं, आणि त्याहूनही पाण्यातल्या क्षारांनी. म्हणून इथं थोडं थांबायला हवं.

जिल्ह्याचा सरासरी पाऊस साधारण साडेसहाशे मिलीमीटर, तोही लहरी; आष्टी-पाटोद्याकडे आणखी कमी. नळ रोज येत नाही, त्यामुळे बहुतेक घरं बोअरवर. बोअर जितका खोल, तितकं पाणी खडकात जास्त काळ मुरलेलं आणि त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले. पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, ज्याला आरओवाले टीडीएस म्हणतात, लिटरला 500 मिलीग्रॅमपर्यंत असावं असं भारतीय मानक आहे. दुसरी सोयच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्यावं, असंही ते म्हणतं. माणूस ते पाणी पचवतो. कुंडीतल्या झाडाला मात्र सुटका नसते. शेतात पाऊस क्षार खाली धुऊन नेतो. घरातल्या कुंडीत आपण रोज थोडं क्षाराचं पाणी ओततो, पाणी उडून जातं आणि क्षार मातीत राहतात. मडक्याच्या कडेला पांढरा थर दिसू लागतो. मुळांना पाणी ओढणं जड जातं आणि पानाच्या कडा, विशेषतः नाजूक गुलाबी कडा, तपकिरी होऊन वाळतात. त्यातच मातीचा सामू वाढतो, लोह अडकून पडतं आणि नवं पान पिवळं पण शिरा हिरव्या असं दिसू लागतं. हे पाणी कमी पडल्याचं लक्षण समजून आपण आणखी पाणी घालतो, म्हणजे आणखी क्षार घालतो.

कुठलं पाणी वापरायचं याचा हिशेब त्यामुळे घरातच मांडावा. आरओ यंत्राच्या दुसऱ्या नळीतून वाहून जाणारं पाणी झाडांना घालायचा सल्ला सर्रास दिला जातो. गुलाबी झाडांसाठी तो घातक आहे, कारण मूळ पाण्यातले क्षार त्यात एकवटलेले असतात. ते फरशी पुसायला, संडासात वापरावं. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणीही तसंच. दिवसभर पाणी उडत राहतं आणि तळाचं पाणी खारट होत जातं. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र हवेतल्या बाष्पाचं, जवळजवळ क्षारविरहित असतं. ते बादलीत साठवून जरूर घालावं. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी चालतं, मात्र त्यात मीठ किंवा साबण नसावा.

आणि सगळ्यांत उत्तम पाणी पावसाचं. एक चौरस मीटर छतावर एक मिलीमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळतं. दहा चौरस मीटरच्या पत्र्यावर वीस मिलीमीटरची एक चांगली सर आली की दोनशे लिटरचं टिपाड भरतं. पत्र्यावरची धूळ, पाखरांची घाण निघून जावी म्हणून पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी सोडून द्यावं. घरात दहा लहान कुंड्या असतील आणि प्रत्येकीला एक दिवसाआड पावशेरापेक्षा कमी, म्हणजे 200 मिलीलिटर पाणी लागत असेल, तर दिवसाला सरासरी एक लिटर. एक टिपाड दोनशे दिवस पुरतं. पाऊस संपल्यावर सुरुवात केली तर एप्रिलपर्यंत. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते, तिथं शोभेच्या झाडाला पाणी घालावं का, हा प्रश्न मनात येणं योग्यच आहे. पत्र्यावरून वाहून जाणारं पाणी साठवून झाडं जगवली तर कुणाच्याही घागरीला धक्का लागत नाही, म्हणून मला हे टिपाड खताच्या कुठल्याही पिशवीपेक्षा मोलाचं वाटतं. त्यावर घट्ट झाकण किंवा पातळ धोतराचं फडकं बांधलंच पाहिजे. उघड्या साठवलेल्या पाण्यात डेंगीचे डास वाढतात.

ज्यांना बोअरच्या पाण्यावाचून इलाज नाही त्यांनी आषाढ-श्रावणात कुंड्या तासभर पावसात ठेवाव्यात. भोकातून पाणी मोकळं वाहू द्यावं. वर्षभराचे साठलेले क्षार असे धुऊन निघतात. ऊन पडायच्या आत कुंड्या परत जागेवर न्याव्यात.

किती पाणी, याचं उत्तर आकड्यात देता येत नाही. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालावं. अ‍ॅग्लोनेमा, सिंगोनियमसाठी वरचा पेरभर थर सुकला की पाणी. फिटोनियासाठी वरची माती जेमतेम कोरडी वाटली की. पाणी घालायचं तेव्हा भोकातून निथळेपर्यंत, आणि ताटलीत साचलेलं ओतून द्यायचं. रोज सकाळी नेमानं वाटीभर घालण्याची सवय मोडायला हवी. जानेवारीत त्या वाटीनं मुळं कुजतात आणि मेमध्ये ती पुरत नाही.

मातीबद्दल थोडक्यात. आपली काळी कापसाची जमीन शेतात लाख मोलाची, पण कुंडीत नको. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि त्या भेगांबरोबर बारीक मुळं तुटतात. शिवाय तिच्यात चुनखडी असते. दोन भाग लाल माती किंवा चाळलेला मऊ मुरूम, एक भाग जुनं कुजलेलं शेणखत, एक भाग धुतलेला कोकोपीट आणि एक भाग विटांचे किंवा लाकडी कोळशाचे बारीक तुकडे, हे मिश्रण बहुतेक गुलाबी झाडांना मानवतं. परळीकडे औष्णिक केंद्राची राख सहज मिळते म्हणून ती मिसळणारे असतात. ती इतकी बारीक असते की मातीतली हवेची जागा बुजवते, आणि तिचा गुण बहुधा अल्कधर्मी. क्षाराच्या पाण्यावर ती आणखी भर. नर्सरीतून आणलेलं रोप लगेच दुसऱ्या कुंडीत हलवू नये. दोन-तीन आठवडे ते नव्या हवेत रुळू द्यावं, तोवर बाकीच्या झाडांपासून वेगळं ठेवावं.

हवेच्या कोरडेपणावर पानांवर पाणी फवारणं हा सर्वांना माहीत असलेला उपाय. त्याचा गुण पाच-दहा मिनिटं टिकतो आणि क्षाराच्या पाण्याचे पांढरे ठिपके मात्र पानांवर राहतात. त्यापेक्षा कुंडीत कुंडी बरी. मोठ्या मातीच्या कुंडीत वाळू भरून तिच्यात प्लास्टिकची लहान कुंडी बसवावी आणि वाळू ओली ठेवावी. मातीच्या भिंतीतून पाणी झिरपून उडतं, आतलं झाड गार राहतं आणि भोवतीची हवा ओलसर होते. हवा जितकी कोरडी तितका हा गारवा जास्त, त्यामुळे बीडच्या मे महिन्यात हा उपाय दमट कोकणापेक्षा कितीतरी चांगला चालतो. झाडं एकमेकांजवळ ठेवली तरी फरक पडतो. कूलर असलेली खोली झाडांना आवडते, पण कूलरच्या झोताच्या वाटेत कुंडी नसावी.

एवढं करूनही कॅलॅथिया, स्ट्रोमॅन्थी, रेक्स बेगोनिया ही झाडं इथं कष्टाचीच. ज्यांनी अजून एकही उन्हाळा झाडांसोबत काढलेला नाही, त्यांनी ती घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. सुरुवात गुलाबी सिंगोनियमनं करावी. ते मध्यम उजेडात जगतं, एखादं पाणी चुकलं तर मान टाकतं आणि पाणी मिळताच उठतं. त्यानंतर अ‍ॅग्लोनेमा. फिटोनिया हवाच असेल तर काचेच्या बरणीत लावावा. बरणीतली ओल आतच फिरत राहते, महिन्यातून एखाद्या वेळी पाणी लागतं. बरणी उन्हात ठेवली तर मात्र झाड शिजतं.

आणि ज्यांच्याकडे ओटा, गॅलरी किंवा गच्चीचा उन्हाचा कोपरा आहे त्यांनी गुलाबी रंग पानांत शोधूच नये. अ‍ॅडेनियम घ्यावा. हे झाड पूर्व आफ्रिका आणि अरबस्तानातल्या रखरखीत भागांतलं, कण्हेर आणि सदाफुलीच्या कुळातलं. फुगीर खोडात ते पाणी साठवतं, दिवसाचे पाच-सहा तास थेट ऊन मागतं, आणि वैशाखात बाकीची बाग माना टाकते तेव्हा गडद गुलाबी फुलांनी भरून जातं. आपल्या हवेवर इतकं खूश असणारं दुसरं कुंडीतलं झाड मला माहीत नाही. त्याला पसरट मातीची कुंडी आणि निम्मी वाळू-विटकर असलेलं मिश्रण द्यावं. फेब्रुवारीच्या अखेरीस फांद्या एक तृतीयांश छाटाव्यात. प्रत्येक छाटणीतून दोन-तीन नवे शेंडे येतात आणि फुलं शेंड्यांवरच लागतात. त्याच वेळी माती बदलून खोड बोटभर वर उचलून लावलं की मुळांचा फुगीर आकार दिसू लागतो. थंडीत पानं गळतात तेव्हा पाणी जवळजवळ बंद करावं. त्याचं मरण पावसाळ्यात आहे: सलग भिजलं की खोड आतून मऊ होतं, म्हणून झडीच्या दिवसांत वळचणीखाली घ्यावं. चीक विषारी असतो, छाटल्यावर हात धुवावेत. याच उन्हाच्या कोपऱ्यात बोगनवेल, सदाफुली आणि ऑफिस टाइम ही जुनी, साधी झाडंही गुलाबी रंग भरभरून देतात, आणि त्यांची काडी मागितली तर कुणी नाही म्हणत नाही.

बोगनवेल आणि ऑफिस टाइमच्या गुलाबी रंगात मात्र अँथोसायनिन नसतं. त्यांचं रंगद्रव्य बिटाच्या लाल रंगाच्या जातीचं, बीटालेन. ही दोन रंगद्रव्यं एकाच झाडात एकत्र सापडत नाहीत. निवडुंगातही बीटालेनच असतं, आणि त्यावरून आठवण होते ती हिरव्या काठीवर बसवलेल्या गुलाबी गोळ्याची. मेळ्यांतून, नर्सरीतून हा ‘मून कॅक्टस’ खूप विकला जातो. वरच्या गुलाबी गोळ्यात हरितद्रव्य अजिबात नसल्यानं तो स्वतःच्या मुळावर जगूच शकत नाही. 1940 च्या दशकात जपानमध्ये अशी रोपं हिरव्या निवडुंगावर कलम करून जगवायची युक्ती सापडली. खालची तिधारी काठी बहुधा ड्रॅगन फ्रूटची असते, मराठवाड्यात आता शेतांत दिसतं तेच. दोघांच्या वाढीचा मेळ फार काळ बसत नाही, त्यामुळे हे कलम काही वर्षांचाच सोबती असतं. हे माहीत असून घेतलं तर वाईट वाटत नाही.

फसवणुकीचे प्रकार मात्र वेगळे. काही निवडुंगांवर आणि जाड पानांच्या झाडांवर चक्क रंग फवारलेला असतो. पानाची रंध्रं बुजून झाड गुदमरतं. ओल्या कापसानं पान पुसून पाहावं, नखानं हलकं खरवडावं, आणि शेंड्यातलं सर्वांत कोवळं पान हिरवं आहे का ते बघावं. ‘पिंक काँगो’ नावाच्या फिलोडेंड्रॉनची नवी पानं घरी आल्यावर काही महिन्यांत हिरवी यायला लागतात आणि तो गुलाबी रंग परत येत नाही. पिंक प्रिन्सेसच्या भावात ते घेऊ नये. मोबाइलवर दिसणाऱ्या गुलाबी अ‍ॅग्लोनेमाच्या किंवा पिंक प्रिन्सेसच्या बियांच्या पाकिटांवर एक रुपयाही घालवू नये. ही झाडं फांदीपासून, फुटव्यापासून किंवा प्रयोगशाळेतल्या उतीसंवर्धनातून वाढवतात. बियांतून तो रंग उतरत नाही.

कीड ओळखायला इथल्या माणसाला कुणी शिकवायची गरज नाही. अ‍ॅग्लोनेमाच्या देठाच्या बेचक्यात कापसाच्या बोळ्यासारखं पांढरं काही दिसलं, तर तो कपाशीवर पाहिलेल्या पिठ्या ढेकणाचाच भाऊबंद. उन्हाळ्यात पानं निस्तेज, धुळकट होऊन मागं बारीक जाळी दिसली तर लाल कोळी. पिठ्या ढेकूण कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन टिपून काढावा. कोळ्यासाठी पानाच्या दोन्ही बाजू ओल्या फडक्यानं आठवड्यातून दोनदा पुसल्या तरी बराच आळा बसतो, आणि धूळ गेल्यानं पानाला प्रकाशही जास्त मिळतो. पाच टक्के निंबोळी अर्क चालतो, पण गुलाबी पानाची त्वचा नाजूक असते. आधी एका पानावर संध्याकाळी फवारून दोन दिवस वाट पाहावी. शेतातल्या फवारणीच्या बाटलीतलं उरलेलं औषध घरात, माणसांच्या श्वासात, कधीही आणू नये.

अ‍ॅग्लोनेमा, कॅलेडियम, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन ही सारी अळूच्या कुळातली. कच्च्या अळूनं घसा का खवखवतो हे प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे: पानांतले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक टोचतात. या झाडांतही तेच असतात. रांगतं मूल असलेल्या घरात कुंड्या त्याच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवाव्यात, आणि अंगणात शेळी असेल तर तिच्यापासूनही लांब. मुलानं पान चावलंच तर तोंड पाण्यानं धुऊन, ओठ-जीभ सुजतेय का ते पाहत डॉक्टरांकडे न्यावं.

खरेदीची वेळ जुलै ते ऑक्टोबर. झाडाला घराची सवय व्हायला मग थंडीचे सोपे महिने मिळतात. मार्चनंतर कितीही स्वस्त मिळालं तरी नाजूक झाड आणू नये. फांद्या लावायलाही श्रावण-भाद्रपदच बरे: सिंगोनियमची दोन पेरांची काडी, कोलियस आणि झेब्रिनाचा चार बोटांचा शेंडा, खालची पानं काढून पावसाच्या पाण्याच्या बाटलीत सावलीत ठेवावा. साधारण दोन-तीन आठवड्यांत मुळं बोटभर झाली की कुंडीत लावावं, आणि त्याच वेळी आणखी दोन-तीन काड्या शेजारीपाजारी देऊन ठेवाव्यात. पुढच्या उन्हाळ्यात आपलं झाड गेलं तर त्याच झाडाची फांदी परत मागायला घर असतं.